फातोर्ड्यावर आपल्याला घरी पाठवणारा तो कोरियन, सिंगापूरचा झाला कसा?

१४ ऑक्टोबर २०२५. दिवाळी सहा दिवसांवर आलेली आणि आमच्या वाड्यावरच्या, दिवाळीच्या पहाटे जाळायच्या नरकासुराच्या पुतळ्याचं डोकं अजून पेपर चिकटवायच्याच स्टेजला होतं, पण मॅच फातोर्ड्याला, म्हणजे मडगावच्या स्टेडियमवर, आहे म्हटल्यावर पोरांनी खळीचं पातेलं तसंच झाकून ठेवलं आणि चार बाईक फोंड्याहून निघून बोरीच्या पुलावरून मडगावला. भारत-सिंगापूर, फुटबॉलच्या एशियन कपची क्वालिफायर. पाच दिवसांपूर्वी सिंगापूरला आपल्या रहीम अलीने शेवटच्या क्षणी गोल मारून १-१ केलेली, त्यामुळे घरच्या मैदानावर आता जिंकतोच असं वातावरण होतं. १४व्या मिनिटाला छांगतेने बॉक्सच्या बाहेरून असा काही फटका हाणला की माझ्या शेजारचा अनोळखी माणूस माझ्याच गळ्यात पडला.

आणि मग ४४व्या मिनिटाला त्यांचा एक, ५८व्याला दुसरा. दोन्ही गोल एकाच माणसाचे, सोंग उई-यंग. १-२. भारत २०२७च्या एशियन कपमधून बाहेर.

परतीच्या वाटेवर रॉस ऑम्लेटच्या गाड्यावर थांबलो तर पावाचा तुकडा रश्शात बुडवता बुडवता एक मित्र म्हणतो, "अरे पण तो कोरियन ना? नावच सोंग, दुसऱ्या देशाचं सोंग घेऊन आलाय." सगळे हसले, मीसुद्धा. पण पुढचे चार दिवस नरकासुराला रंग काढताना हाच विषय. कोरियात जन्मलेला माणूस सिंगापूरकडून खेळतोच कसा, हे चालतं का, चालत असेल तर आपण का करत नाही, आणि आपल्याकडे पोर्तुगीज पासपोर्टवाले एवढे आहेत त्यांचं काय. प्रत्येकाचं ज्ञान वेगळं आणि प्रत्येकाचा आवाज मोठा. म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून काढतोय.

आधी हा सोंग कोण ते बघू

जन्म १९९३, दक्षिण कोरियातलं इंचॉन. २०१२ साली १८ वर्षांचा असताना सिंगापूरच्या होम युनायटेड क्लबकडे आला, आणि तोही स्टार म्हणून वगैरे नाही, सुरुवात तरुण पोरांच्या रिझर्व टीममधून. कोरियात फुटबॉलर ढीगभर, तिथे गर्दीत जागा मिळवणं कठीण, सिंगापूरची लीग छोटी. आपल्याकडचा पोरगा जसा "बघू तर खरं" म्हणून जहाजावर चढतो तसंच काहीसं. पण हा राहिला. मिडफील्डला खेळला, फॉरवर्डलाही खेळला, मेन टीममध्ये घुसला, क्लबचं नाव बदलून लायन सिटी सेलर्स झालं तरी हा तिथेच, २०२१ला लीगसुद्धा जिंकली.

त्याच २०२१च्या ऑगस्टमध्ये त्याला सिंगापूरचं नागरिकत्व मिळालं आणि नोव्हेंबरमध्ये तो त्यांच्या नॅशनल टीमकडून उतरला. मधे थोडा काळ इंडोनेशियाच्या पर्सेबाया क्लबकडे जाऊन आला, पुन्हा सेलर्सकडे. सिंगापूर दोन पासपोर्ट ठेवू देत नाही, आपल्यासारखंच. म्हणजे कोरियाचा पासपोर्ट त्याला सोडावा लागला. २०१२ ते २०२१, नऊ वर्षं. हा नऊचा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

पासपोर्ट वेगळा, जर्सी वेगळी

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आपल्याला वाटतं पासपोर्ट मिळाला की झालं, घाल जर्सी. तसं नसतं. दोन कुलुपं आहेत आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे.

पहिलं कुलूप सरकारचं. कोणाला नागरिक करून घ्यायचं ते प्रत्येक देश आपापल्या कायद्याने ठरवतो, फिफा, म्हणजे जगाच्या फुटबॉलची संघटना, त्यात काही बोलू शकत नाही. दुसरं कुलूप फिफाचं. ते म्हणतात, तुझ्या सरकारने तुला पासपोर्ट दिला ते ठीक, पण त्या देशाच्या टीमकडून खेळायला तू आमच्या नियमात बसतोस का ते आम्ही बघणार. ह्यालाच पात्रता म्हणतात.

सोंगच्या बाबतीत गंमत बघा. फिफाची अट (खाली सांगतो) २०१७च्या आसपासच पुरी झाली होती. तरी तो चार वर्षं खेळू शकला नाही, कारण सरकारचं कुलूप बंद. उलटंही होतं, एखाद्या देशाचं सरकार हवं तर उद्या सकाळी ब्राझीलच्या अकरा जणांना पासपोर्ट वाटेल, पण फिफाचं कुलूप लागलेलं असल्यामुळे ते अकरा जण फक्त त्या देशात मतदान करू शकतील.

महाजन आणि रहिवासी दाखला

फिफाचा नियम गोव्याच्या माणसाला समजायला फार सोपा आहे असं माझं मत. आपल्याकडे देवळाचा महाजन कोण असतो? ज्याच्या पूर्वजांचं नाव त्या देवळाशी जोडलेलं आहे तो. मग तो मुंबईत जन्मला असेल, वर्षातून एकदा जत्रेला येत असेल, तरी तो महाजन. आणि देवळासमोरच तीन पिढ्या दुकान घालून बसलेला माणूस महाजन नसतो. हा झाला रक्ताचा रस्ता.

दुसरीकडे मामलेदार कचेरीतला १५ वर्षांचा रहिवासी दाखला. सरकारी नोकरीचा फॉर्म भरलेल्या प्रत्येकाला ह्याचा त्रास माहीत आहे. तिथे तुमचे पणजोबा कोण हे कोणी विचारत नाही, तुम्ही इथे किती वर्षं राहिलात ते विचारतात आणि त्याचा पुरावा मागतात.

फिफा दोन्ही रस्ते मानतं. नवीन नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूचा स्वतःचा जन्म त्या देशात झालेला हवा, किंवा आई-वडिलांपैकी कोणाचा, किंवा आजी-आजोबांपैकी कोणाचा. ह्यातलं एक बसलं तर रस्ता मोकळा, राहिला असो वा नसो. ह्यातलं काहीच नसेल तर मग रहिवास: दहाव्या वर्षाच्या आत तिथे आला असेल तर ३ वर्षं, १० ते १८ च्या मधे आला असेल तर ५ वर्षं, आणि १८ नंतर आला असेल तर १८ नंतरची ५ वर्षं, सलग. शिवाय काही प्रकरणांत केवळ नॅशनल टीममध्ये घुसण्यासाठी तो तिथे राहायला गेला नव्हता हेही पटवावं लागतं.

सोंगचं सिंगापुरात रक्ताचं कोणी नाही. म्हणजे तो पूर्णपणे रहिवासी दाखल्यावर आलेला माणूस. पाच वर्षं पुरली असती, त्याने नऊ काढली.

एकदा घातलेली जर्सी बदलता येते का?

पूर्वी फारच सोपं होतं. लुईस माँटी १९३०ची वर्ल्ड कप फायनल अर्जेंटिनाकडून खेळला आणि हरला, १९३४ची इटलीकडून खेळला आणि जिंकला. दोन देशांकडून दोन फायनल खेळलेला माणूस तो एकटाच. डी स्टेफानो अर्जेंटिनाकडून खेळून मग स्पेनकडून ३१ मॅचेस खेळला. पुष्काशने हंगेरीसाठी ८५ मॅचमध्ये ८४ गोल मारले आणि १९६२च्या वर्ल्ड कपला बघावं तर स्पेनच्या जर्सीत. नंतर फिफाने हे बंद केलं. एकदा सीनियर टीमकडून स्पर्धेची मॅच खेळलात की तुम्ही कायमचे त्या देशाचे, असा नियम आला. मैत्रीपूर्ण मॅच त्यात धरत नाहीत.

आता कायमचे म्हणजे किती कायमचे, त्याचं उदाहरण मुनीर एल हद्दादी. स्पेनमध्ये वाढलेला, मूळ मोरोक्कोचा. २०१४मध्ये १९ वर्षांचा असताना मॅसेडोनियाविरुद्ध शेवटची १३ मिनिटं स्पेनकडून उतरला. त्यानंतर स्पेनने त्याला पुन्हा कधीच घेतलं नाही. २०१८च्या वर्ल्ड कपला मोरोक्कोकडून खेळायचं म्हणून तो क्रीडा लवादापर्यंत गेला, लवादाने नाही म्हटलं. तेरा मिनिटं हो! आमच्याकडे कदंबा बस सुटायला त्याहून जास्त वेळ घेते.

अशी प्रकरणं साठत गेल्यावर २०२०मध्ये फिफाने नियम सैल केला. २१ वर्षांचा होण्याआधी जास्तीत जास्त तीन मॅचेस खेळला असेल, शेवटच्या मॅचला तीन वर्षं झाली असतील आणि वर्ल्ड कप किंवा खंडाच्या मुख्य स्पर्धेत उतरला नसेल, तर देश बदलायला एकदा अर्ज करता येतो. मुनीर २०२१मध्ये मोरोक्कोकडून खेळला.

म्हणजे पैसे टाकून टीम विकत घ्यायची की नाही?

ही शंका रास्त आहे आणि फिफाला ती आपल्या आधी आलेली आहे. २००४मध्ये कतारने जर्मनीत खेळणाऱ्या ब्राझीलच्या खेळाडूंना मोठी रक्कम देऊन आपल्याकडून खेळवायचा घाट घातला, ज्यांचा कतारशी काडीचा संबंध नव्हता. फिफाने ताबडतोब नियम आणला की खेळाडूचा त्या देशाशी खराखुरा संबंध हवा. रहिवासाची अट तिथूनच सुरू झाली, पुढे वाढून पाच वर्षांवर आली.

तरी लोक पळवाटा काढतातच. मलेशियाचं प्रकरण ताजं आहे. २०२५च्या जूनमध्ये त्यांनी व्हिएतनामला ४-० हरवलं, हीसुद्धा एशियन कपचीच क्वालिफायर. टीममध्ये परदेशात जन्मलेले सात जण, त्यांच्या आजी-आजोबांचा जन्म मलेशियात झाल्याचे दाखले जोडलेले. फिफाने मूळ नोंदी शोधून काढल्या तर ते आजी-आजोबा जन्मलेले अर्जेंटिना, ब्राझील, स्पेन, नेदरलँड्समध्ये. मलेशियाच्या असोसिएशनला ३,५०,००० स्विस फ्रँक दंड, सातही जणांवर १२ महिन्यांची बंदी, आणि फिफाच्या अपील कमिटीनेही तो निकाल कायम ठेवला.

म्हण आहे ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. इथे उलटं झालं, पैसा होता, आजीचं सोंग उघडं पडलं. आमच्या मित्राने सोंग म्हणून ज्याची चेष्टा केली त्याच्या कागदात मात्र खोट काढायला काही नाही.

मग भारत असं का करत नाही?

दारावर मोठं कुलूप आपल्या सरकारचंच आहे. २००८च्या शेवटी क्रीडा मंत्रालयाने ठरवलं की देशाकडून फक्त भारतीय पासपोर्टवालाच खेळेल. त्याआधी मूळ भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना काही खेळांत संधी मिळायची, ती बंद. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी नाही, कारण ओसीआय म्हणजे नाव जरी नागरिकत्वाचं वाटलं तरी ते आयुष्यभराच्या व्हिसासारखं आहे. इंग्लंडचा मायकल चोप्रा, न्यूकॅसलकडून खेळलेला, त्याला भारताकडून खेळायचं होतं. ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागेल, तिथेच विषय संपला.

आणि पासपोर्ट मिळवायचा तर वेळ बघा. ओसीआयवाल्याने नोंदणीला पाच वर्षं झाल्यावर, अर्जाआधी एक वर्ष भारतात राहून अर्ज करायचा. ज्याचा भारताशी रक्ताचा संबंधच नाही त्याने १४-१५ वर्षांच्या काळात मिळून १२ वर्षं इथे राहायचं. म्हणजे सोंग २०१२ला सिंगापूरऐवजी फोंड्याला येऊन राहिला असता तर २०२१ला त्याचा अर्जसुद्धा घेतला गेला नसता, २०२४ला घेतला असता, आणि मग फाईल कुठल्या टेबलावर किती दिवस ते आपल्याला ठाऊकच आहे. फिफा पाच म्हणतं, आपण बारा.

तरी कोणी आलंच नाही असं नाही. अराता इझुमी, जन्म जपानमधला, वडील गुजराती. भारतात क्लब फुटबॉल खेळत राहिला, २०१२मध्ये जपानी पासपोर्ट सोडून भारतीय झाला, नीलकंठ खांभोळजा असं नावही घेतलं, २०१३मध्ये भारताकडून खेळला. दुसरा रायन विल्यम्स. पर्थचा, २०२३पासून बेंगळुरू एफसीकडे, आईकडून भारतीय, आईचे वडील मुंबईकडून संतोष ट्रॉफी खेळलेले. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मॅच खेळला होता पण ती मैत्रीपूर्ण, म्हणून फिफाचं कुलूप उघडं राहिलं. २०२५मध्ये ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून त्याने भारताचा घेतला.

माझं विचाराल तर ओसीआयवाल्या फुटबॉलरांसाठी सरकारने काहीतरी मधला रस्ता काढावा. पण ज्यांना वाटतं ओसीआय उघडलं की उद्या वर्ल्ड कप, त्यांनी इंडोनेशिया बघावा. नेदरलँड्समध्ये जन्मलेले, आजी-आजोबा इंडोनेशियाचे, असे खेळाडू त्यांनी ढिगाने आणले, ताकद वाढली हे खरं, पण ऑक्टोबर २०२५मध्ये सौदीशी २-३, इराकशी ०-१ आणि वर्ल्ड कपचा विषय संपला.

आणि आपले पोर्तुगीज पासपोर्टवाले?

हा प्रश्न तर गोव्यातच विचारला जाणार. १९ डिसेंबर १९६१च्या आधी गोव्यात जन्मलेल्यांना पोर्तुगाल आपले नागरिक मानतं, त्यांची मुलं आणि नातवंडं लिस्बनला जन्मनोंदणी करून तो हक्क घेऊ शकतात. बघा, पुन्हा आजी-आजोबांपर्यंतच. माझा एक मावसभाऊ असाच गेला, आता इंग्लंडात स्विंडनला वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करतो. इथे असताना आंतरगाव टूर्नामेंटमध्ये लेफ्ट विंगला असा पळायचा की लोक लाईनीबाहेरून शिट्ट्या मारायचे. आता रविवारी तिथल्याच गोंयकारांच्या टीमकडून खेळतो आणि गुडघ्याचे फोटो पाठवतो.

तो भारताकडून खेळू शकतो का? नाही. स्वतःहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की १९५५च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम ९ने भारताचं आपोआप जातं. मग पोर्तुगालकडून? कायद्याच्या बाजूने बोलायचं तर पोर्तुगाल हे नागरिकत्व वंशाने आलेलं धरतं. पण बाबा, आधी बर्नार्डो सिल्वाला बेंचवर बसवायला लागेल.

गंमत म्हणजे एक काळ असा होता की कुठला पासपोर्ट बदलावाच लागत नव्हता. युसेबियो मोझांबिकमध्ये जन्मला, तेव्हा ती पोर्तुगालची वसाहत. १९६०च्या डिसेंबरमध्ये लिस्बनच्या बेनफिका क्लबकडे आला, ऑक्टोबर १९६१मध्ये पोर्तुगालकडून पहिली मॅच खेळला, १९६६च्या वर्ल्ड कपला नऊ गोल. तो पहिली मॅच खेळला तेव्हा गोवासुद्धा त्याच झेंड्याखाली होता, अजून दोनच महिने.

आणि पोर्तुगालची तिसरी जुनी वसाहत, आफ्रिकेजवळच्या बेटांचा देश केप वर्डे. आपली फातोर्ड्याची मॅच झाली त्याच्या आदल्याच दिवशी, १३ ऑक्टोबरला, त्यांनी एस्वातिनीला ३-० हरवून २०२६चा वर्ल्ड कप गाठला. लोकसंख्या सव्वापाच लाखांच्या आसपास, गोव्याच्या साधारण एक तृतीयांश! त्यांचीही माणसं आपल्यासारखीच पोटासाठी जगभर पांगलेली, पण त्यांनी पांगलेल्यांची पोरं परत गोळा केली. त्यांचा डिफेंडर रॉबेर्तो लोपेस डब्लिनचा, वडील केप वर्डेचे. कोचने त्याला लिंक्डइनवर पोर्तुगीजमध्ये मेसेज टाकला, ह्याला वाटलं स्पॅम आहे, कित्येक महिने उत्तरच दिलं नाही. केप वर्डे दोन नागरिकत्वं चालवून घेतं म्हणून हे जमलं. आपल्याकडे तोच मेसेज आला तरी पुढे "आधी पासपोर्ट सोड" असं लिहावं लागेल.

पण इथल्या पोरांच्या जागा जातात त्याचं काय?

हे सिंगापूरवाल्यांनीही भरपूर ऐकलंय. त्यांनी १९९३पासून परदेशी खेळाडू आणायची सरकारी योजनाच चालवली. टेबल टेनिसमध्ये २००८ला ऑलिंपिक रौप्य मिळालं तेव्हा टीममधल्या तिघीही चीनमध्ये जन्मलेल्या, आणि मेडल कोणाचं ह्यावरून घराघरात वाद. काही फुटबॉलर नागरिक झाले आणि नंतर तेही सोडून परत गेले. दुसऱ्या टोकाला अलेक्झांडर जुरिच, १९९२च्या ऑलिंपिकला बोस्नियाकडून होडी वल्हवली, मग सिंगापूरला फुटबॉल, २००७मध्ये नागरिक, आणि चाळिशी उलटल्यावरही गोल मारत होता. त्याला तिथे कोणी परका म्हणत नाही.

म्हणजे फरक माणसागणिक पडतो, आणि तो आधी ओळखायची एकच ढोबळ सोय म्हणजे वर्षं मोजणं. नऊ वर्षं त्याच लीगमध्ये घासलेला पोरगा कोणाची जागा खातो म्हणायचं? त्याच मैदानावर इतरांबरोबर घाम गाळूनच त्याने ती घेतली. उलट परदेशी कोट्यातली एक जागा क्लबला मोकळी मिळाली. हां, गल्लीतली मैदानं नीट न ठेवता नुसते पासपोर्ट वाटत बसलात तर मात्र बोंब मारायलाच हवी. आमच्या वाड्यावरचं मैदान मेपर्यंत लग्नाच्या मांडवाला आणि जूननंतर गवताला, तिथे कोण कोरियन येऊन आमची जागा खाणार.

सिंगापूरने पुढे १८ नोव्हेंबरला हाँगकाँगला त्यांच्याच घरी २-१ हरवून एशियन कप गाठला. ह्याआधी ते एकदाच खेळले होते, १९८४ला, यजमान म्हणून. जानेवारी २०२७ला सौदीत स्पर्धा सुरू होईल तेव्हा सोंग ३३ वर्षांचा असेल.

ह्यातले नियम मी त्या सोंगवाल्या मित्राला नरकासुराच्या आदल्या रात्रीच ऐकवले होते, कुलुपं, महाजन, रहिवासी दाखला, सगळं. तो शिंगांना सोनेरी कागद लावत होता, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "ते सगळं पटलं. पण ४४व्या मिनिटाला आमचे डिफेंडर कुठे होते, ते फिफाच्या कुठल्या कलमात आहे?"